गोठ्यातलं दवाखान्यात सांगा

आष्टीहून आम्ही बोलतोय. मागच्या वेळी आपण बचतीच्या हिशोबावर बोललो. आज गोठा आणि घर या दोन्हींवर मिळून बोलायचं आहे. विषय दोन वाटतात, पण बाई दोन्हीकडे एकच असते. सकाळी शेण काढणारी, धार काढणारी, शेळीची वेण सोडवणारी आणि तेच हात धुऊन लेकराला भरवणारी. म्हणून जनावराचं दुखणं माणसात यायचं असेल, तर पुष्कळदा ते आधी बाईच्या हातावरून येतं.

आम्ही काही डॉक्टर नाही. गोळी कोणती, सुई कोणती, हे डॉक्टरांनीच सांगायचं. पण डॉक्टरांना काय सांगायचं, ते आपल्या हातात आहे. आजच्या बोलण्याचं सार एवढंच: घरात कुणी आजारी पडलं तर दवाखान्यात गोठ्यातलं सांगा, आणि जनावर आजारी पडलं तर पशुवैद्यकाला घरातलं सांगा.

शेळीनं गाभ टाकला, आणि बाईला ताप आला

आमच्या एका गटातल्या ताईची गोष्ट सांगतो. दोन महिने अंगात ताप. सकाळी बरं वाटायचं, दिवस कलला की अंग तापायचं, रात्री घामानं लुगडं भिजायचं. कंबर धरलेली, गुडघे धरलेले. एका दवाखान्यात टायफॉईड म्हणून औषध झालं, दुसरीकडे मलेरिया म्हणून झालं, तिसरीकडे सलाईन लागलं. चार दिवस बरं, की पुन्हा ताप. मजुरी बुडाली आणि गटाचं कर्ज औषधात गेलं. घरात कुजबुज सुरू झाली की ही कामाला कंटाळली.

शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "घरी जनावरं आहेत का? कुणी गाभ टाकला का?" तेव्हा ताईला आठवलं. तापाच्या महिनाभर आधी तिच्या शेळीनं चौथ्या महिन्यात गाभ टाकला होता. वार अडकली होती, ती तिनं उघड्या हातानं ओढून काढली होती. रक्त तपासलं. आजार निघाला ब्रुसेलोसिस. पूर्ण औषध घेतल्यावर ताई बरी झाली, आता रोजच्या कामाला लागली आहे.

हा आजार नवा नाही. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचं बेट आहे. तिथले इंग्रज शिपाई अशाच तापानं महिनोन्‌महिने झिजायचे. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या डॉक्टरांनी त्याचा जंतू शोधला. तो येतो कुठून, हे मात्र १९०५ पर्यंत कळलं नव्हतं. मग थेमिस्टोक्लिस झामित या माल्टाच्याच डॉक्टरांना दिसलं की वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये हा जंतू आहे. १९०६ मध्ये शिपायांना शेळीचं कच्चं दूध देणं बंद केलं आणि ताप झपाट्यानं कमी झाला. म्हणजे औषध सापडायच्या आधी नुसती वाट बंद केली, तरी काम झालं. आपल्यालाही तेच करायचं आहे.

हा जंतू गाय, म्हैस, शेळी, मेंढी सगळ्यांत असतो. जनावर वरून ठणठणीत दिसतं. गाय-म्हैस बहुतेक वेळा शेवटच्या तीन-चार महिन्यांत गाभ टाकते, वार अडकते, पुढे लवकर गाभण राहत नाही. टाकलेल्या गाभात, वारेत आणि त्या पाण्यात जंतू खच्चून भरलेले असतात. हाताला चीर असली, डोळ्यात शिंतोडा उडाला, कच्चं दूध पोटात गेलं, की ते माणसात शिरतात.

गोठ्यात गाभ पडला तर हे करा:

- उघड्या हातानं हात लावू नका. हातमोजे नसतील तर दोन्ही हातांत कोपरापर्यंत प्लास्टिकच्या पिशव्या घाला, तोंडाला पदर घट्ट बांधा.
- गरोदर बाईनं आणि लहान लेकरांनी तिथे फिरकायचंच नाही.
- आधी पशुवैद्यकाला फोन करा. तपासणीला नमुना घ्यायचा असेल तर ते सांगतील. वार ओढून काढायचं काम त्यांचं आहे. ओढाओढीत जनावराची पिशवीही खराब होते.
- नंतर गाभ, वार आणि खालचं घाण झालेलं गवत खोल खड्ड्यात पुरा, वर चुना टाका. उकिरड्यावर, ओढ्यात, कुत्र्यापुढे टाकायचं नाही. कुत्रं ते तोंडात धरून सगळ्या गल्लीत फिरवतं.
- ते जनावर वेगळं बांधा. जागा धुऊन चुना किंवा ब्लिचिंग पावडर टाका. हात साबणानं धुवा.
- एकापाठोपाठ दोन-तीन जनावरांनी गाभ टाकला तर गप्प बसू नका आणि ती जनावरं बाजारात नेऊन दुसऱ्या बाईच्या दावणीला बांधू नका.

गाई-म्हशींसाठी लस आहे. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि वगारींना ही लस आयुष्यात एकदाच मोफत देतात. गोऱ्ह्याला देत नाहीत, गाभण जनावराला देत नाहीत. त्यामुळे कालवड चार महिन्यांची झाली की तारीख लिहून ठेवा. आठ महिने उलटले की वेळ गेली.

आणि माणसाचं औषध? ते निदान सहा आठवडे चालतं. आठ दिवसांत ताप उतरतो, बरं वाटतं, म्हणून गोळ्या सोडल्या की आजार उलटतो आणि सांध्यांत, मणक्यात जाऊन बसतो. गोळ्या संपेपर्यंत घ्यायच्या.

दुधाची भीती कशाची, आणि कशाची नाही

धारोष्ण दूध ताकदीचं, असं आपल्याकडे म्हणतात. डेंगीची साथ आली की शेळीच्या कच्च्या दुधाला भाव येतो. पण ब्रुसेलोसिस आणि जनावराचा क्षय दोन्ही कच्च्या दुधातून येऊ शकतात. दूध उकळलं की हे जंतू मरतात. उकळल्यानं ताकद जाते ही समजूत सोडून द्या. वर साय आली म्हणजे उकळलं असं नाही. उकळी फुटून वर यायला पाहिजे, मग ढवळून आणखी दोन-तीन मिनिटं राहू द्या. चिकाचा खरवस करतानाही चांगली वाफ बसू द्या.

उलट काही भीती उगाच असते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून आपल्या राज्यात लंपीची साथ पसरली. गाईच्या अंगावर गाठी दिसल्या की लोकांनी दूध ओतून दिलं, पोरांना गाईजवळ जाऊ दिलं नाही. लंपी माणसाला होत नाही. तो माश्या, डास, गोचीड यांच्यामुळे एका जनावरातून दुसऱ्यात जातो. घटसर्प, फऱ्या, शेळ्यांचा पीपीआर हेही माणसाला होत नाहीत. यात जनावर वाचवायची घाई करायची, माणसांना घाबरवायचं नाही.

त्या साथीत सरकारनं मेलेल्या जनावरांची मदत दिली होती: दुभत्या जनावराला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये. अशा कामात नोंद लागते. कानातला बारा आकडी बिल्ला ही जनावराची ओळख आहे. बिल्ला टोचून घ्यायला आढेवेढे घेऊ नका, आणि तो आकडा गटाच्या वहीत लिहून ठेवा.

दुधाचं आणखी एक. जनावराला प्रतिजैविकाची सुई दिली की काही दिवस ते औषध दुधात उतरतं. सुई देणाऱ्याला तिथंच विचारा, "किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, घरात प्यायचं नाही?" आणि तेवढे दिवस पाळा. दोन-तीन दिवसांचे पैसे जातात, ते आम्हालाही कळतं. पण ते दूध आपलीच लेकरं पितात.

लाळ गाळणाऱ्या म्हशीच्या तोंडात हात घालू नका

म्हैस चारा खात नाही, गिळता येत नाही, तोंडातून लाळ गळतेय, आवाज घोगरा झालाय. आपल्याला वाटतं, घशात काही अडकलं. घरातलं कुणीतरी बाही वर करून हात घशात घालतं. तायांनो, इथेच थांबा. पिसाळलेला कुत्रा किंवा कोल्हा चावलेलं जनावर असंच दिसतं. रेबीजचा विषाणू त्या लाळेत असतो. हाताला बारीकशी चीर असली तरी तेवढी वाट त्याला पुरते. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस असो की जनावर, वाचणं जवळजवळ नाहीच.

म्हणून असं जनावर बांधून ठेवा, लांब राहा, पशुवैद्यकाला बोलवा. मागे एक-दोन महिन्यांत त्याला कुत्रं चावलं होतं का, हे आठवून सांगा. ज्यांच्या हाताला लाळ लागली त्यांनी हात साबणानं धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जायचं आणि तिथे साफ सांगायचं, "पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत हात गेला."

माणसाला कुत्रं चावलं तर पहिलं औषध आपल्या घरात आहे: साबण आणि वाहतं पाणी. जखम पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण पंधरा मिनिटं वाटतात त्यापेक्षा फार मोठी असतात. त्यावर तिखट, चुना, हळद, तेल काही लावायचं नाही. मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची. दंडात देतात त्या लशीचे दिवस असे: पहिला दिवस शून्य धरायचा, मग ३, ७, १४ आणि २८. कातडीत द्यायच्या पद्धतीत दिवस थोडे वेगळे असतात, ते कार्डावर लिहून देतात. रक्त निघालं असेल तर जखमेतच भरायचं एक वेगळं औषध असतं, त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. "ते द्यायचं आहे का?" असं आपण विचारायचं. दोन सुया झाल्या, काही झालं नाही, म्हणून उरलेल्या सोडू नका.

गाई-म्हशीला कुत्रं चावलं तरी हेच: जखम हातमोजे घालून धुवा आणि लगेच पशुवैद्यकाला सांगा. जनावरालाही चावल्यानंतरच्या सुया असतात. आणि दारातल्या, वाड्यावरच्या कुत्र्याला दर वर्षी लस टोचून घ्या.

म्हैस रेबीजनं गेली की ज्यांनी ज्यांनी तिचं दूध घेतलं ते सगळे घाबरून दवाखान्याकडे पळतात. उकळलेल्या दुधातून किंवा चहातून रेबीज होत नाही. मन शांत करायला डॉक्टरांना विचारा, पण ज्याचा हात लाळेत गेला त्याला रांगेत पुढे करा. खरा धोका त्याला आहे.

शेण, जखम आणि घोडं

घोड्याच्या आणि गुरांच्या शेणात, गोठ्याच्या मातीत धनुर्वाताचा जंतू असतो. म्हणून जखमेवर शेण, राख, माती लावायची नाही. बाळाच्या नाळेवर तर काहीच लावायचं नाही. एक काळ असा होता की कितीतरी बाळं आठवड्याच्या आत धनुर्वातानं जायची. गरोदरपणातली सुई, दवाखान्यातलं बाळंतपण आणि नाळ कापायला स्वच्छ पातं, यामुळे ते चित्र बदललं. २०१५ मध्ये आपला देश माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वातातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. पण जंतू मातीत तसाच आहे. शिंग लागलं, खूर पडला, गोठ्यातला खिळा गेला, तर जखम धुऊन सुई घ्यायला जा.

सगळ्या जनावरांत धनुर्वात घोड्याला लवकर धरतो. आपल्या भागात धनगरांच्या वाड्यावर घोडी असतात, वरातीचे घोडे असतात, वीटभट्टीवर गाढवं असतात. नाल ठोकताना खिळा खोल गेला, खोगिराखाली पाठ सोलली, की तिथून जंतू शिरतो. घोड्याला धनुर्वाताची लस दर वर्षी द्यावी. घोड्याच्या किंवा गाढवाच्या नाकातून घट्ट, चिकट शेंबूड येत असेल आणि अंगावर गाठी फुटत असतील, तर तो ग्लँडर्स असू शकतो. तोही माणसाला होतो. असं जनावर विकायचं नाही, जत्रेत न्यायचं नाही, लगेच पशुसंवर्धन खात्याला कळवायचं.

घोड्याचे आपल्यावर उपकारही आहेत. साप चावल्यावर दवाखान्यात जे औषध देतात, ते घोड्याच्या रक्तापासून बनतं. घोड्याला विषाचे बारीक डोस देत देत त्याच्या रक्तात उतारा तयार करतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये हे काम वर्षानुवर्षं झालं. म्हणून कडब्याच्या गंजीत साप चावला तर मांत्रिकाकडे नाही, दवाखान्यात जायचं. उतारा तिथे आहे.

औषधाच्या पेट्या दोन ठेवा

आता शेवटचं. पुष्कळ घरांत एकाच फळीवर जनावराचं आणि माणसाचं औषध असतं. उरलेली बाटली, अर्धी पट्टी, गोचिडाचं औषध आणि लेकराचं खोकल्याचं औषध शेजारी शेजारी. रात्री लाईट नसताना हात कशावरही पडतो.

दोन पेट्या करा. गोठ्याची पेटी गोठ्यात, उंचावर, कुलपात. जनावराचं औषध चारशे किलोच्या म्हशीच्या मापाचं असतं, ते माणसानं घ्यायचं नाही. गोचिडाचं औषध लेकराच्या डोक्यातल्या उवांना लावायचं नाही, ते विष आहे. आणि गोचीड नखानं चिरडायची सवय सोडा. गोचिडातून माणसाला येणारा काँगो ताप २०११ मध्ये शेजारच्या गुजरातेत सापडला आहे. चिमट्यानं काढा, साबणाच्या पाण्यात टाका.

माणसाचं औषधही जनावराला द्यायचं नाही. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं साधं औषध. ते गुरांना देत होते. मेलेली गुरं खाऊन गिधाडं पटापट मेली, काही जाती जवळजवळ संपल्या. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, तरी माणसांची बाटली गुरांना टोचणं काही ठिकाणी चालूच राहिलं. गिधाडं गेली, मढी कुत्र्यांना मिळाली, कुत्री वाढली, आणि कुत्री वाढली की पिसाळण्याचा धोका वाढला, असं अभ्यासकांनी मांडलं आहे. म्हणजे गोठ्यातली एक चुकीची सुई फिरून आपल्याच दारात येते.

जनावराला काढा किंवा तेल पाजताना मान फार वर करून, जीभ ओढून ओतू नका. ते फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांत जनावर जातं. पोट दुखणाऱ्या घोड्याला तर काहीच पाजू नका. घोड्याला उलटी करता येत नाही. डॉक्टर येईपर्यंत सावकाश चालवत ठेवा.

पुढच्या बैठकीत हे करा

प्रत्येक गटानं एक वही घालावी. एका पानावर एक घर. वरच्या अर्ध्यात जनावरं: बिल्ल्याचा आकडा, लशीच्या तारखा, व्यायल्याची तारीख, गाभ टाकला असेल तर तो दिवस, कुत्रं चावलं असेल तर तो दिवस. खालच्या अर्ध्यात माणसं: कुणाला ताप, किती दिवस, कुठलं औषध चालू. गटात पशुसखी असेल तर वही तिच्याकडे द्या, आशाताईंना महिन्यातून एकदा दाखवा. दोघी एका पानावर आल्या की पुष्कळ गोष्टी आपोआप दिसतात.

भिंतीवर दोन आकडे ठळक लिहा: जनावरासाठी १९६२, माणसासाठी १०८.

आणि दवाखान्यात बोलायचं वाक्य सगळ्यांनी पाठ करा. पंधरा दिवसांपेक्षा जास्त ताप असला की डॉक्टरांनी विचारायची वाट बघायची नाही. आपणच सांगायचं: "डॉक्टर, आमच्या घरी जनावरं आहेत. मी धार काढते, वेण सोडवते. इतक्या दिवसांपूर्वी शेळीनं गाभ टाकला." हे सांगताना लाजायचं काही कारण नाही. आपण राबतो त्या कामाचा तो भाग आहे, आणि डॉक्टरांना तेवढ्या एका वाक्यानं वाट सापडते.

बैठकीत काय ठरलं, वही कुणी घातली, काय अडलं, ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी शेळीच्या वेणीआधीच्या तयारीवर बोलू. तोवर हात धुवा, दूध उकळा. राम राम!